सात नंबरने तपासलेले शर्ट

३ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

पत्र उघडलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून कामाचं वरच लिहिते. तुझ्या भाऊजींना शर्ट हवाय. चौकड्यांचा, फ्लॅनेलचा, तुमच्या कारखान्यात निघतो तसला.

दचकलास ना? मीही दचकले. गेली बावीस वर्षं हे राखाडी शर्ट घालतायत. एक विरला की दुसरा, तोही राखाडी. मी एकदा हौसेने निळा आणला तर "छान आहे" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला. तो अजून घडीतच आहे, आता घडीवरच फाटेल. आणि परवा जेवता जेवता ताटाकडे बघत विचारतात कसे, "तुझा भाऊ ते चौकड्यांचे शर्ट करतो ना, ते मला कसे दिसतील गं?" माझा घास हातातच राहिला.

कारण सांगते. ह्यांना मुकादम केलंय. बारा माणसं हाताखाली, वेल्डर आणि गॅस कटरवाले मिळून. घरी येऊन ही बातमी कशी सांगितली, तर नळ गळतोय हे सांगावं तशी. पण आतून खूश आहेत, मला कळतं. सकाळी आरशासमोर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे असतात, आणि मी गेले की कंगवा शोधत असल्याचं नाटक करतात.

छाती अडतीस. हात लांब, खांदे अरुंद, मान उंच, पोट नावाला नाही. रंगातलं मला काही कळत नाही, ते तू बघ. एक मात्र ध्यानात ठेव, शर्ट कामावर घालायचाय. दिवसभर ठिणग्यांमध्ये उभं राहायचं असतं त्यांना. लग्नाकार्यात मिरवायला नकोय.

तुझी ताई


११ नोव्हेंबर

ताई,

"एक शर्ट पाठव" असं लिहून मोकळी झाली असतीस तर मी थप्पीतला वरचा उचलून पाठवला असता. पण "मला कसे दिसतील" असं भाऊजी म्हणाले, हे तू लिहिलंस आणि माझी पंचाईत केलीस. बावीस वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. दोन दिवस मी थप्प्यांमधून भुतासारखा हिंडलो.

आता ऐक. उंच आणि अरुंद खांद्याच्या माणसाने बारीक चौकडी घालू नये, लांबून खिडकीची जाळी चालत आल्यासारखी दिसते. फार मोठीही नको, छातीवर जेमतेम दोन चौकोन मावतात आणि तिसरा काखेत जातो. भाऊजींना तळहाताएवढी चौकडी हवी, तीही आडवी पट्टी उभीपेक्षा जाड असलेली. त्याने खांदे भरल्यासारखे वाटतात. रंग म्हणशील तर सगळं जग लाल-काळा मागतं. तो शर्ट वाईट नाही, पण बोलक्या माणसाचा आहे. आपल्या भाऊजींनी घातला तर शर्टच सगळं बोलून टाकेल आणि ते मागे गप्प उभे राहतील. मी गडद हिरवा निवडलाय. त्यात काळपट निळा, आणि अगदी बारीक अशी एक पिवळी रेघ. ती रेघ जवळ आल्याशिवाय दिसत नाही. भाऊजी तसेच आहेत.

घालायचा कसा, तेही सांगतो, नाहीतर माझी मेहनत पाण्यात. गळ्याचं वरचं बटण उघडं. बाहीला दोन घड्या, तीन नाही. तीन घड्या घातल्या की माणूस भांडायला निघालाय असं वाटतं. शर्ट पँटीत खोचायचा. आतल्या बनियनवर नुसता अडकवून बटणं मोकळी सोडायची फॅशन आहे, पण ती मुकादमाने करू नये.

दोन पाठवतोय, एक अंगावर आणि एक दांडीवर. खिसा कुठे आहे ते आधी शोधून दाखव. खिशाची चौकडी छातीच्या चौकडीत अशी मिसळली पाहिजे की खिसा हरवला पाहिजे. बटणपट्टीवर चौकडी तुटलेली दिसली की मी शर्ट परत पाठवतो, त्यावरून शिवणाऱ्या बायका मला काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. पण हे नवं कापड, ताई! लाल, तपकिरी आणि हिरवा, असे तिन्ही रंग एकाच गिरणीतून आलेत. इतकं मऊ, आणि चौकडीला चौकडी इतकी तंतोतंत लागणारं कापड अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं नाही. मीच पास केलंय. लेबलावर छापलंय, "शुद्ध सुती, कामाला टिकाऊ". खिशात एक चिठ्ठी असेल, "तपासले, ७". तो सात नंबर म्हणजे तुझा भाऊ. आणि हो, मला मुख्य तपासनीस करायचं वर चाललंय. इतक्यात कुणापाशी बोलू नकोस, नजर लागते.

टिल्लू


२० नोव्हेंबर

टिल्लू,

खिसा मला सापडला नाही. हात घातला तेव्हा सापडला. जिंकलास.

आता इथली गंमत. पार्सल आलं त्या संध्याकाळी हे शर्ट घेऊन आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मी दारावर थाप मारली. आले, तर गळ्यापर्यंत बटणं लावलेली. म्हटलं, वरचं उघडा, तसा हुकूम आहे. बाहीच्या दोन घड्या मी घातल्या. खरं सांगू? मला लग्नाचे दिवस आठवले, आणि लग्नातही हे इतके चांगले दिसले नव्हते. तसं बोलूनही दाखवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या.

तेव्हापासून रोज कामावर तोच शर्ट. एक वाळत असला की दुसरा. शेडमध्ये सगळ्यांनी वळून बघितलं म्हणे. हे काही सांगायचे नाहीत, गवयाने सांगितलं. गवई म्हणजे आमच्या शेजारचा गॅस कटरवाला, ह्यांच्याच हाताखाली आहे. लोखंड कापताना मोठमोठ्याने गातो, म्हणून त्याला सगळे गवई म्हणतात. आवाज असा की कटर बरा.

तर त्याची बायको माझ्याकडे आली, माझ्या नवऱ्यालाही तसला शर्ट हवा म्हणून. मी तुझं पत्र काढलं आणि तिला वाचून दाखवलं, मोठ्या तज्ज्ञासारखं. गवई रुंद, बुटका आणि बोलका. म्हणून लाल-काळा, मध्यम चौकडी. दोघी बाजारात गेलो तर तुमच्याच कारखान्याचा शर्ट टांगलेला. खिशात चिठ्ठी, सात नंबर! मी म्हटलं, डोळे मिटून घे बाई, माझ्या भावाचा हात फिरलाय यावरून. परवापासून गवई लाल शर्टात गातोय. आणखी दोघं विचारत होते. तुझ्या मालकाला सांग, मला कामावर ठेव म्हणावं.

ताई


२५ नोव्हेंबर

(हे पत्र लिहिलं गेलं, पण पेटीत टाकलं गेलं नाही.)

ताई,

आज सकाळी इस्त्रीवाल्या मावशींनी मला हाक मारली. त्यांची इस्त्री जरा जास्त तापली होती, आणि एका लाल शर्टाच्या खालच्या कडेला चिकटून बसली होती. सुती कापड करपतं, चिकटत नाही. शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. सुताची राख होते, चिमटीत चोळली की उडून जाते. याचा काळा कडक मणी झाला.

मग एक तुकडा पेटवून बघितला. वरची मऊ लव भर्रकन पेटली, या टोकापासून त्या टोकाला, मी हात मागे घेईपर्यंत. आणि खालचं कापड वितळून थेंब गळायला लागले. निम्मा धागा प्लास्टिकचा आहे, ताई. गिरणीने फसवलं. यावर ठिणगी पडली तर शर्ट अंगावर पेटेल आणि कातडीला चिकटेल.

पण गिरणीचं नाव पुढे करून मी सुटत नाही. आलेल्या प्रत्येक ठाणाचा एक धागा जाळून बघायचा, हे माझं काम. अकरा वर्षं मी ते केलं. या ठाणांचं केलं नाही. ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दिवशी ती ठाणं उघडली. मी भाऊजींसाठी चौकडी शोधत होतो. कापड टेबलावर पसरलं, कडेला कड लावली, चौकड्या अशा जुळल्या की मी बाकीचं सगळं विसरलो. सही केली. हिरवा तुकडा खांद्यावर टाकून आरशात बघत होतो मी.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अडीच हजार शर्ट दुकानांत गेलेत. म्हणाले, लोक काय भट्टीत उडी मारतात का शर्ट घालून? मग वही माझ्याकडे फिरवून विचारलं, सही कुणाची आहे? मी वही मिटून बाहेर आलो.

भाऊजी दिवसभर ठिणग्यांत उभे असतात, हे तूच लिहिलं होतंस. मला ते


२६ नोव्हेंबर

ताई,

घाईत लिहितोय. त्या हिरव्या शर्टांचा रंग धुण्यात जातो, असं आता लक्षात आलंय. कॉलरही नीट बसलेली नाही. तेव्हा भाऊजींना ते कामावर घालू देऊ नकोस. कामावर राखाडीच बरे. दोन्ही शर्ट मला परत पाठव, दुसऱ्या कापडाचे चांगले करून देतो. गवयालाही तसंच सांग. इकडे सगळं ठीक.

टिल्लू


१ डिसेंबर

तपासनीस साहेब,

आपलं पत्र आज मिळालं. वाचून अंगाचा तिळपापड झाला.

रंग जातो? चार वेळा धुतला मी, पाण्याला पिवळेपणासुद्धा आला नाही. कॉलर बसत नाही? अरे, त्या मानेवर इतकी चांगली बसलेली कॉलर मी जन्मात पाहिली नाही. मग खरं काय ते मी सांगू? तुला आता वाटतंय की शर्ट चांगला होता आणि माणूस चुकीचा निघाला. वेल्डरने घातला, काजळीत मळवला, आणि त्याचं बघून गॅस कटरवाल्याने घातला. सात नंबरच्या साहेबांचा माल शेडमध्ये फिरायला लागला. "कामावर राखाडीच बरे." हे वाक्य तू लिहिलंस, टिल्लू. ज्या माणसाने तुला सायकल शिकवली, तुझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी स्वतःचे बूट काढून दिले, त्याला तू राखाडीत परत घालतोयस.

मी ते पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चुकलं माझं, पण राग आवरला नाही. पुन्हा एकदा वाच म्हणाले. मग उठले, आणि हिरवा शर्ट दांडीवरून काढून उशाशी ठेवला, उद्या घालायला. मी म्हटलं, परत पाठवू का? तर म्हणाले, "राहू दे."

शर्ट परत येणार नाहीत. गवयाला मी काहीही सांगणार नाही. त्याच्या बायकोच्या तोंडावरचा आनंद तुला बघवत नसेल, मला बघवतो.

ताई


५ डिसेंबर

ताई,

तू म्हणतेस तसं माझ्या मनातही नाही. भाऊजींच्या बुटांचं मी विसरेन का? तू असा विचार केलास, हे मला फार लागलं. पण भांड पाहिजे तेवढं, फक्त माझं ऐक.

मी परवा त्यांच्या शेडमध्ये फोन केला होता. मालकांनी उचलला. मागे घणांचे आवाज, काही नीट ऐकू येईना, मग ठेवून दिला.

त्या कापडाला जो रंग दिलाय त्याने अंगाला खाज सुटते. पुरळ उठतं. इथे दोघातिघांना झालंय. घाम आला की जास्त. म्हणून म्हणतो, भाऊजींना कामावर घालू देऊ नकोस, आणि गवयालाही नको, आणि ज्यांनी ज्यांनी घेतले असतील त्यांनाही नको. वाटलं तर माझी शपथ घाल त्यांना. मला नावं ठेव, काहीही कर. पण शर्ट उतरव.

टिल्लू


९ डिसेंबर, संध्याकाळ

टिल्लू,

तुझं खाजेचं पत्र आज सकाळी आलं. गवयाची बायको माझ्याकडेच बसली होती. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या ह्यांची कातडी म्हशीची आहे, त्यांना कसली खाज. आम्ही दोघी हसलो. हसलो आम्ही, टिल्लू.

तीन वाजता शेडमधून माणूस आला.

गवई पत्रा कापत होता. पुढे चामड्याचं आवरण होतं, पण बाजूने ठिणगी शिरली, कमरेपाशी. एरवी कपड्याला भोक पडतं आणि माणूस शिवी देऊन काम चालू ठेवतो. याचा शर्ट एका क्षणात गळ्यापर्यंत पेटला. ह्यांनी धावत जाऊन तो हातांनी फाडून काढला. फाडला तेवढा निघाला. बाकीचा निघेना. ह्यांच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या आहेत. गवयाचं पोट, डावी कूस आणि डावा हात भाजलाय. जिवंत आहे. डॉक्टर चिमट्याने तुकडे काढत होते आणि म्हणाले, हे सुती नाही, सुती असं चिकटत नाही.

त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलं. डोळे मिटून घे, असं मीच तिला म्हणाले होते.

आधी रंग जात होता. मग कॉलर बसत नव्हती. मग खाज. मी मूर्ख, मला वाटलं तू आम्हाला हलकं समजतोयस.

एकच विचारते. तुला माहीत होतं का? एका शब्दात लिही.

ताई


९ डिसेंबर, संध्याकाळ

ताई,

आता जे लिहितोय ते दोन आठवड्यांपूर्वी एकदा लिहिलं होतं आणि खिशात घेऊन फिरलो.

त्या शर्टांचं कापड सुती नाही. निम्मा धागा प्लास्टिकचा आहे. त्याची लव ठिणगीने पेटते आणि कापड वितळून अंगाला चिकटतं. धागा जाळून बघितला की त्याचा काळा मणी होतो, तेवढ्याने कळतं. ते बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नाही. रंगाचं खोटं, कॉलरचं खोटं, खाजेचंही खोटं. शेडच्या मालकांचा आवाज मला फोनवर स्वच्छ ऐकू आला होता. ते विचारत होते, कोण बोलतंय. मला नाव सांगता आलं नाही.

भीती कसली, तेही सांगतो. पाच वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली ती मिळणार होती. मिळालीही. आज सकाळी माझं नाव लागलं, मुख्य तपासनीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुपारी टेबलावर नवी ठाणं आली, त्याच गिरणीची, निळी चौकडी. मी धागा ओढून काडी लावली. मणी झाला. वही पुढे आली, आणि माझ्याच्याने सही होईना. वही तशीच उघडी ठेवून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. साहेब बाहेर गेलेत, सोमवारी येतील. सोमवारी मी त्यांच्यापुढे जाऊन सांगणार आहे की शर्ट परत मागवा, नाहीतर मी दुकानांना स्वतःच्या नावाने पत्रं लिहीन.

पण तू सोमवारची वाट बघू नकोस. हे पत्र हातात पडलं की सरळ शेडमध्ये जा. भाऊजींचा शर्ट उतरव. गवयाचा उतरव. माझं नाव घेऊन सांग सगळ्यांना. पत्र पोचायला चार दिवस लागतील. इतके दिवस काही झालं नाही, तर आणखी चार दिवसांत काय होणार आहे, अशी मनाची समजूत घालतोय. अजून काही बिघडलेलं नाही, ताई. वेळेवर पोचेल.

टिल्लू


१५ डिसेंबर, सोमवार

टिल्लू,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. उजव्या हाताला पट्टी आहे, दोन बोटं मोकळी आहेत, म्हणून अक्षर असं. तुझी ताई समोर बसलीय. "तुमच्या हाताने लिहा" म्हणाली. ती तुझ्याशी बोलणार नाही म्हणते. माझ्याशीही बोलत नाही. का ते सांगतो.

तुझं नऊ तारखेचं पत्र परवा आलं. तिने मोठ्याने वाचलं. धाग्याचा मणी होतो, इथवर आली तेव्हा मी म्हणालो, "मला माहीत होतं." तिला वाटलं मी भलतंच बोलतोय. मी पुन्हा म्हणालो.

शर्ट आला त्या संध्याकाळी आतल्या खोलीत मी शिवणीतला एक धागा काढून काडी लावली होती. शेडमधली जुनी माणसं नवा कपडा कामावर नेण्याआधी एवढं करतात. मणी झाला. म्हणजे घालायचा नाही, हे कळलं. पण मी तो अंगात चढवून आरशात बघितलं होतं. मला तो आवडला. असा मी स्वतःला कधी बघितला नव्हता. बाहेर तुझी ताई दारावर थाप मारत होती. तिला सांगितलं असतं तर तिने तुझी सालटी काढली असती. तू माझ्यासाठी दोन दिवस हिंडलास हे तिने वाचून दाखवलं होतं. मला तुझं मन मोडवेना. म्हणून शर्ट घातला, आणि शेडमध्ये वरून चामड्याचा कोट गळ्यापर्यंत लावला. कोटाच्या आत ठिणगी जात नाही. मला धोका नव्हता. मी तेवढाच विचार केला.

मग तुझं रंगाचं पत्र आलं. मी ताईला पुन्हा वाचायला लावलं. तेव्हाच ओळखलं की तुला आता कळलंय आणि तुला सांगता येत नाहीये. ताई चिडली, मी गप्प बसलो. तू तुझी खुर्ची सांभाळत होतास, मी तुझी अब्रू सांभाळत होतो. दोघांनाही वाटत होतं आपण घर सांभाळतोय.

गवई नवा शर्ट घालून आला त्या सकाळी त्याने मला विचारलं होतं, "मुकादम, कामावर चालेल ना?" मी म्हणालो, "चांगला दिसतो." मुकादम झाल्यावर मला विचारलेली ती पहिली गोष्ट होती. धागा जाळून बघ, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, मग तू का घातलायस? त्याला काय सांगणार होतो?

तो वाचेल असं डॉक्टर म्हणतात. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. त्याची बायको बाहेर बाकावर असते. ताई गेली की ती सरकून जागा करून देते आणि काही बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर ताईला सोपं गेलं असतं. शेडमधल्या बाकी दोघांचे शर्ट मी काढून घेतलेत. बाजारात तीन दुकानांत हातांच्या पट्ट्या दाखवून आलो. दोघांनी शर्ट खाली उतरवले. तिसरा म्हणाला, लेबलावर सुती लिहिलंय, तपासल्याची चिठ्ठी आहे, तू कोण सांगणारा?

आज सोमवार आहे. तू साहेबांकडे जाणार होतास. गेला असशील तर त्यांनी काय लिहून दिलं ते घेऊन ये. गेला नसशील तर जाऊन मग ये. रविवारी दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा आहे.

गवई परवापासून बोलतो. हळू बोलतो. काल मी खाटेजवळ बसलो होतो. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मुकादम, इतकी वर्षं उकडतं म्हणून तुझा कोट उघडा असायचा. हिरवा शर्ट आला त्या दिवसापासून गळ्यापर्यंत बंद. का रे?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तो घाई करत नाही. मी गेलो की माझ्याकडे बघत राहतो.

रविवारपर्यंत मी थांबणार नाही. आज दुपारी जाऊन माझं सांगतो. तुझं तू येऊन सांग.

भाऊजी